लेथला बसवलेला आकड्यांचा डबा

आमच्या घरात मोजमापावर पोट भरणारी माणसं दोन. मी भिसेगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते आणि आमचे हे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर लोखंड तासतात. माझं अर्धं बोट चुकलं तर बाई दारात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकवते. ह्यांचं चुकलं तर तो तुकडा शेडमागच्या ढिगात जातो आणि वर 'मटेरियलच भिकार होतं' असं मलाच ऐकायला मिळतं. दोघांत जास्त अचूक कोण, हा वाद लग्नापासून चालू आहे. माझ्या मते त्याचा निकाल केव्हाच लागलाय, फक्त ह्यांना कळवलेला नाही.

हे खोपोलीकडच्या एका कारखान्यात टर्नर होते. टर्नर म्हणजे फिरत्या लोखंडाला हत्यार लावून ते हवं तेवढं गोल उतरवणारा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, नातवंडं सांभाळतात, शेजाऱ्यांत भांडणं लावतात. ह्यांनी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधला जुना लेथ टेंपोत घालून घरी आणला. तो उतरवताना अंगणातलं तुळशीवृंदावन हललं ते आजही तिरकं आहे. पण तक्रार करायची सोय नव्हती, कारण लेथ आला आणि ह्यांचा जीव परत अंगात आला. विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट म्हणजे फिरते दांडे, पोशीरच्या भातगिरणीचे बुश म्हणजे तसल्या दांड्यांवर चढणाऱ्या जाड नळ्या, फार्महाऊसवाल्यांच्या फाटकांची चाकं, सगळं आमच्या शेडमध्ये यायला लागलं. फार्महाऊसवाले चाक न्यायला येतात आणि 'काका, हे अँटिक आहे का हो?' म्हणून लेथला टेकून फोटो काढतात. ह्यांना ते आवडतं. प्रश्न आपल्याबद्दलच आहे असं त्यांना वाटत असावं.

ह्यांचा एक तोरा होता. नव्या कारखान्यांत लेथला आकडे दाखवणारा डबा लावतात, त्याला डीआरओ म्हणतात, हे मला कळलं ते ह्यांच्या टिंगलीतूनच. हँडल फिरवलं की हत्यार किती सरकलं ते त्या डब्यावर लाल आकड्यांत उमटतं, केसाच्या जाडीच्याही खाली. 'आकडे बघून लेथ चालवणारा म्हणजे पुस्तक बघून पोहणारा,' हे म्हणायचे. हँडलच्या गोल तबकडीवर बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या ज्याला वाचता येत नाहीत त्यानं लेथ सोडावा आणि भेळेची गाडी लावावी, हा सल्ला ते येईल त्याला फुकट देत.

आणि मग ह्यांनाच त्या रेघा दिसेनाशा झाल्या.

हे मी सांगते आहे, त्यांनी कबूल केलं नव्हतं. ओट्यावर चहा ओतताना धार कपाबाहेर जायची आणि दोष कपाला मिळायचा. ताटातली चटणी आणि लोणचं यांत फरक करायला बोट घालून बघायचे. एकदा दुपारी जेवून पुढच्या खोलीतून बाहेर निघाले होते. माझा कपडे चढवायचा पुतळा दाराशी उभा होता, नुकतंच शिवलेलं हिरवं ब्लाऊज घालून. ह्यांनी मान लववली आणि म्हणाले, "या वहिनी, बसा ना, ही येतेच आहे." पुतळ्याला डोकं नव्हतं, हे विशेष.

मी हसून हसून खाली बसले. नंतर मात्र हसू आलं नाही. लेथ हे यंत्र अंदाजावर चालत नाही. चक नावाचा तो जड लोखंडी जबडा गरागरा फिरत असतो, त्यात जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, आवळलेला असतो, आणि माणसाचं बोट त्याच्यापासून वीतभर लांब. ज्याला चटणी दिसत नाही त्याला तिथं उभं कसं करायचं? शिवाय डोळ्यांचं दुखणं थांबत नाही, आतल्या आत वाढतं. मला ह्यांचे हात हवे होते आणि डोळेही हवे होते, आणि आमचे हे ती दोन्ही पणाला लावून बसले होते.

माझं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. गेले, झोपले, पट्टी बांधून घरी आले, आणि थोड्याच दिवसांत सुईत दोरा ओवायला लागले. त्यामुळे मला वाटलं, सांगितलं की ऐकतील.

"अहो, एकदा डोळे दाखवून येऊ."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? शेडमधली ट्यूब म्हातारी झालीय."

ट्यूब बदलली. मग दुसरी लावली. मग टेबलाला वाकवायचा दिवा आणला. शेडमध्ये लग्नाच्या मांडवाएवढा उजेड झाला आणि तरी ह्यांचं नाक तबकडीला टेकलेलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्यांचा तर सुंभ अजून जळायचाही बाकी होता.

पावसाळा सरता सरता एक दिवस जेवताना म्हणाले, "लेथला डीआरओ बसवतोय."

मी भाकरी थापत होते, ती तशीच परातीत राहिली. "तो पुस्तक बघून पोहणाऱ्यांचा डबा?"

"जमाना बदलला अगं. माणसानं काळाबरोबर चालावं."

म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं सोडून ह्या माणसानं मशीनला डोळे लावायचं ठरवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालायला आडवाट.

डबा मागवला कर्जत बाजारातल्या चाचांनी. चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचं घराणं मूळचं समुद्राकडचं, पण दुकान इथं त्यांच्या आजोबांपासून. ह्यांची त्यांची दोस्ती कारखान्याच्या दिवसांतली. हे रोज संध्याकाळी त्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना त्यांनी न विचारलेली माहिती देतात. मी चाचांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही तरी समजवा. डबा नको, डॉक्टर पाहिजे."

"समजवला, भाभी," चाचा म्हणाले. "मला बोलले, तू नट-बोल्ट विक."

डबा बसवायला कंपनीचा माणूस येणार होता. तो फोनवर रोज निघालेला असायचा. एकदा तर खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत पोचलो म्हणाला. तिथून तो पुण्याला वळला की मुंबईला, ते देव जाणे, कर्जतला काही आला नाही. शेवटी ह्यांनी जाहीर केलं की आपण घरीच बसवू. मदतीला पोशीरहून माझा धाकटा दीर आला. दीर भातशेती करतो, पण जगात असं यंत्र नाही ज्याबद्दल त्याला मत नाही. तिसरे चाचा. मी शिवणकाम अर्धं टाकून शेडच्या दाराशी स्टूल टाकून बसले, कारण असा तमाशा जत्रेतही बघायला मिळत नाही.

काम तसं सांगायला सोपं. ॲल्युमिनियमच्या लांब खोक्यात काचेची पट्टी असते. एक पट्टी लेथच्या लांबीला लावायची, दुसरी आडव्या सरकणाऱ्या भागाला. पट्टीवरून एक लहानसा ठोकळा सरकतो, तो वाचतो आणि वायरीतून डब्याला सांगतो. फक्त पट्टी अगदी सरळ बसायला हवी, केसभर तिरकी गेली तरी आकडा खोटा. ती सरळ आहे का हे बघायला सुई असलेलं एक घड्याळासारखं यंत्र असतं. ते ह्यांनी लावलं आणि हँडल फिरवायला लागले.

"बघ रं, सुई हालतेय का?" ह्यांनी भावाला विचारलं.

"हालतीय दादा. पन थोडी."

"थोडी म्हंजी किती?"

दिरानं डोळे बारीक केले. "मुंगी येवढी."

"लाल मुंगी का काळी?" चाचांनी विचारलं.

"तुमी हसू नका, चाचा. काळी. न्हाई, लाल."

एरवी हे भावाला बाजूला ढकलून स्वतः वाकले असते. भावाच्या नजरेवर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता, बैल घेतानासुद्धा. त्या दिवशी ते हँडलवर हात ठेवून नुसते उभे राहिले आणि मुंगी किती मोठी ते ऐकत राहिले. पट्टीखाली पातळ पत्र्याचं पॅकिंग द्यायला माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण कापलं गेलं, आणि तेही मला न विचारता.

शेवटी डबा लागला. लाल आकडे उमटले तेव्हा दिरानं हात जोडले. ह्यांनी एक कट मारला, चाचांनी जॉब मोजला आणि गोंधळ सुरू झाला. डबा म्हणत होता हत्यार एक मिलिमीटर आत गेलं, आणि जॉब उतरला होता दोन मिलिमीटर.

"खोटं बोलतोय डबा," दीर म्हणाला. "निम्मंच दाखवतोय. परत पाठवा."

मला इतकं तर समजतं. "भावजी, ब्लाऊजची कडेची शिवण अर्धा इंच आत घेतली की ब्लाऊज एक इंच घट्ट होतं. पुढचं कापड जातं तसं मागचंही जातं. गोल वस्तूला एका बाजूनं कापलं तरी ती दोन्ही बाजूंनी बारीक होते."

"मग डब्याला समजत नाय का ते?"

"डब्याला सांगावं लागतं. पुस्तकात सेटिंग असणार," हे म्हणाले. ते त्यांना माहीतच होतं, त्यात शंका नाही. त्यांनी डब्याबरोबर आलेली पुस्तिका काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिलं पान गंभीरपणे वाचायला लागले. एक पान झालं, दुसरं झालं. अधूनमधून 'हं' म्हणत होते. पुस्तिका उलटी होती.

दीर तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं. चाचांनी पुस्तिका ह्यांच्या हातातून घेतली, सरळ केली, आणि बटण शोधून दाबलं. त्यावर हे म्हणाले, "मी तेच सांगणार होतो."

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. माझी कात्री, शिलाई मशीन, दिराचा कोयता, सगळं धुऊनपुसून मांडतात. पण मान लेथचा. झेंडूची माळ, अक्षता, नारळ, आणि ओल्या कुंकवाची पाच बोटं. ही बोटं हेच उठवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. कारखान्यातही तसंच असायचं. जुन्या लेथला त्यानं काहीच होत नसे. तो बिडाचा धोंडा, त्याच्यावर कुंकू काय आणि ग्रीस काय.

ह्या वर्षी नव्या पट्टीचीही पूजा करायची होती. पट्टीच्या खोक्याला खालच्या अंगानं एक बारीक फट असते, रबराच्या दोन ओठांनी मिटलेली. त्यातूनच वाचणारा ठोकळा सरकतो. ह्यांनी वाटीत पाची बोटं बुडवली, खोक्याचं तोंड चाचपलं आणि भक्तिभावानं पाची बोटं बरोबर त्या फटीवर ओढली. रबराचे ओठ उघडले आणि कुंकू आत गेलं. वरून दिरानं दूर्वांनी नारळाचं पाणी शिंपडलं, तेही सढळ हातानं. मग मंगल प्रसंगी बंद कशाला म्हणून डबा चालू केला, आणि हँडल हलवताच आकडे वेड्यासारखे पळायला लागले. पुढे, मागे, शून्यावर, हजारावर.

"वयनी!" दीर दोन पावलं मागं सरला. "डब्याच्या अंगात आलं!"

"गप रं," हे खेकसले. "नवीन हाय ते. जागा धरंल."

चाचा दर वर्षी खंडेनवमीला पेढे घेऊन येतात. ते तेवढ्यात आले, त्यांनी पेढे माझ्या हातात दिले, बाह्या सारल्या आणि खोकं उघडलं. आत काचेवर लाल रांगोळी. माझ्याकडून मऊ कापड आणि स्पिरिट घेऊन ते पुसत बसले. पुसता पुसता सहज म्हणाले, "यार, कुंकू वर लावतात ना? फटीत कशाला?"

"आमच्यात फटीतच लावतात," हे म्हणाले.

चाचा इतकी वर्षं आमच्या सणांना येतात. आमच्यात कुंकू कुठं लावतात ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यांनी वर बघितलं, पण ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मी पेढे वाटायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. राग आला होता. कुणाचा, ते त्या वेळी धड ठरवता येईना.

पट्टी सुकली आणि डबा ताळ्यावर आला. आता तर मला त्या डब्याचा खरोखर द्वेष वाटायला लागला. आकडे एसटीच्या पाटीएवढे मोठे आणि लालभडक. म्हणजे ह्यांचं काम भागणार, आणि काम भागलं की डॉक्टर जन्मात नाही. घरात सवत आली असती तरी मी तिला इतके शिव्याशाप दिले नसते. तिच्याशी निदान भांडता तरी आलं असतं.

त्यातून ह्यांनी नवं खूळ काढलं. शेडच्या आसपास जो येईल त्याला आत बोलावायचं. "या, या, डीआरओ बघितला का? वाचा बघू, काय आलंय?" सिलिंडरवाला आला, वाचा बघू. दूधवाला आला, वाचा बघू. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला आमच्या घरी दोन ठिकाणी वाचावं लागलं. ब्लाऊजच्या मापाला आलेल्या बायकांचे नवरे शेडमध्ये जाऊन आकडे म्हणायचे आणि हे 'शाब्बास' म्हणून हँडल फिरवायचे. आळीत थट्टा सुरू झाली. म्हाताऱ्याला खेळणं मिळालंय म्हणायचे. मीही त्यात दोन शब्दांची भर घालायचे.

दिवाळी झाली आणि भाताची झोडपणी सुरू झाली. पोशीरच्या गिरणीचा बुश गेला. दीर शाफ्ट आणि जुना बुश घेऊन आला. गिरणीपुढं पोत्यांची रांग लागली होती आणि गिरणीवाला दिराच्या नावानं ओरडत होता, कारण 'माझा दादा करून देईल' असं हाच सांगून बसला होता. हे म्हणाले, संध्याकाळी घेऊन जा. दीर चाचांच्या दुकानात ग्रीस आणायला गेला आणि हे शेडमध्ये.

माझ्याकडे त्या दुपारी डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई आली होती. दर मोसमात रानातले कंद विकायला येते, तेव्हापासूनची ओळख. पोरीचं लग्न होतं, तिला ब्लाऊज हवं होतं. मापं घेतली. तेवढ्यात शेडमधून हाक आली, "कोण आहे? जरा इकडं या, डीआरओ बघा." तिला वाटलं काही उचलायला मदत हवी आहे, म्हणून ती गेली. लगेच परत आली.

"तुझा माणूस मला आकडं इचारतो," ती म्हणाली. "मला येत असतं तर मी आकडं वाचत बसले नसते का, कंद कशाला खणले असते? मी म्हनलं, तूच वाच. तर उभाच ऱ्हायला गप." तिनं ओढणी खांद्यावर टाकली आणि जरा थांबून म्हणाली, "त्याला बी नाय येत वाटतं."

माझ्या हातातली टेप खाली पडली. एसटीच्या पाटीएवढे आकडे, आणि ते त्यांना वाचता येत नव्हते. सिलिंडरवाला, दूधवाला, मीटरवाला, सगळी आळी ह्यांना आकडे वाचून दाखवत होती आणि हे त्यांच्या तोंडून ऐकून जॉब करत होते. आम्ही सगळे त्याला बढाई समजत होतो.

मी धावत शेडमध्ये गेले. डबा चकच्या मागं भिंतीला बसवलेला. मशीन चालू. वाचणारं कुणी मिळालं नव्हतं म्हणून हे फिरत्या चकवरून पुढं ओणवे झाले होते, नाक डब्याला लावायला. शर्टाची पुढची कड सुटून लोंबत होती, आणि खाली लोखंडाचा जबडा गरागरा फिरत होता. मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून आत गेले असते. भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं.

चक फिरत फिरत थांबला. हे सरळ झाले. "लाइट गेली?"

"मी बंद केली."

"का? कट अर्धा हाय! लाव परत." मग आवाज जरा खाली आला. "आलीच आहेस तर आकडा वाच. एवढा बुश होऊ दे. गिरणी अडलीय."

मी बटण वर केलं. डबा पेटला, लेथ मात्र मी चालू करू दिला नाही.

"नाही वाचणार."

"अगं, भाऊ येईल आता! गावात तोंड दाखवायची सोय राहील का त्याला?"

"तुम्हाला काय दिसतंय ते आधी सांगा. खरं सांगा. मग मी सगळा बुश होईपर्यंत इथं उभी राहून वाचते."

ते चिडले. लोखंडाचा कीस झाडायचा ब्रश फेकला. माझ्या सात पिढ्या काढल्या, मग माझ्या स्वयंपाकावर आले, मग ट्यूब बनवणाऱ्यांवर. मी दारात उभी. मला राग आला होता आणि मला त्यांची भयंकर दया येत होती, आणि ती त्यांना दिसत नव्हती हे बरं होतं. बोलायचं संपलं तेव्हा ते डब्याकडे तोंड करून उभे राहिले.

"लाल दिसतंय," ते म्हणाले. "लाल आहे एवढं दिसतंय."

मग मी लेथ चालू करू दिला आणि आकडे वाचून दाखवले. एकेक आकडा सावकाश, शाळेत पाढे म्हणतात तसा. ते हँडल फिरवत होते, थांबत होते, बोटानं चाचपत होते. बुश झाला. दीर ग्रीस घेऊन आला, त्यानं शाफ्टवर चढवून बघितला आणि "आयला, झकास!" म्हणाला. हे म्हणाले, "उद्या काम बंद. तुझ्या वयनीबरोबर खोपोलीला जायचंय. डोळे दाखवायला." दिरानं माझ्याकडे बघितलं आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

खोपोलीच्या डॉक्टर मुलीएवढ्या वयाच्या होत्या. थेंब घातले, उजेड मारला, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, मग दुसऱ्या यंत्राला. हे तिथंही 'कुठली कंपनी?' विचारत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्या म्हणाल्या, तो काढता येईल. पण दोन्हीकडे काचबिंदू आहे. तो डोळ्याची नस खातो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्यातलं जेवढं उरलंय तेवढं थेंबांनी सांभाळू. उजवा गेलाय, तो परत येणार नाही.

"डाव्यात किती उरलंय?" ह्यांनी विचारलं. "अंदाज नको. आकडा सांगा."

"काका, असा आकडा नाही सांगता येत." मग त्यांनी कागदावरून मान वर केली. "उजव्यानं कधीपासून दिसत नाही?"

"गेल्या पावसाळ्यापासून," मी म्हणाले. घरात कुणाला काय झालंय ते मलाच आधी कळतं, अशी माझी ख्याती आहे.

"नाय," हे म्हणाले. "त्याच्या लई आधीपासून. कारखान्यात असतानाच गेला होता. तिथं कळलं असतं तर मशीनवरून काढून गेटवर बसवलं असतं. घरी लेथ आणला तो एका डोळ्यावरच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. फाटकांची चाकं, पंपांचे शाफ्ट, एवढ्या वर्षांचे सगळे बुश ह्या माणसानं एका डोळ्यानं केले होते, आणि पुतळा आणि चटणी बघून मला वाटलं होतं, मी ह्यांना पकडलं.

लग्नापासून मी ह्यांच्या उजव्या हाताला बसत आले. जेवताना, एसटीत, लग्नांच्या पंगतीत, आणि आत्ता इथं. मी उठले, खुर्ची उचलली आणि त्यांच्या डाव्या बाजूला नेऊन बसले. हे माझ्याकडे वळले, नाक माझ्या कपाळाला टेकेल इतके जवळ आले आणि म्हणाले, "अगं, केस पिकले की तुझे."